दार उघडलं, आणि आत भांडण सुरू झालं: वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आली आहेत. बहुतेकांचा सूर एकच: ख्रिस्ताला मनापासून जागा द्यायला गेलो, तर शांती मिळायच्या ऐवजी आत ओढाताणच वाढली. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न: आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरणही (मोठेपणी विश्वासाची मंडळीसमोर कबुली). मे महिन्यातल्या शिबिरात "प्रभू, माझ्या हृदयात ये" अशी प्रार्थना केली आणि खूप रडलो. पंधरा दिवस हलकं वाटलं, आता पुन्हा सगळं कोरडं. ती प्रार्थना लागू झाली नाही का? परत करू का? (तरुण, बेळगाव कॅम्प)

परत करायला हरकत नाही. पण दर शिबिरात तेवढंच करत राहिलात, तर दर खेपेला पंधरा दिवसच हाती लागतील. रडू आलं ते खरं होतं आणि ओसरलं तेही स्वाभाविक होतं. भावनेवरून दार उघडं की बंद हे ठरत नाही.

ही प्रार्थना ज्या वचनावरून शिकवतात ते प्रकटीकरण ३:२० मागच्या ओळींसकट वाचा. ते लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं आहे. उपासनेला बसणारे, कोमट, "आम्हाला काही कमी नाही" म्हणणारे लोक ते. ख्रिस्त दार ठोकतोय ते मंडळीचंच, आणि तो आत येतो तो जेवायला बसतो, म्हणजे तोंड दाखवून परत जाणारा नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरी आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तेव्हा तुम्हाला उशीर झालाय असं काही नाही.

आता करायचं काय? "सगळं तुझंच, प्रभू" असं म्हणणं सोपं असतं, कारण त्या "सगळं"मध्ये नेमकं काहीच येत नाही. एक वही घ्या आणि चार पानांवर चार शब्द लिहा: पैसा, राग, मोबाइल, पुढचं आयुष्य. प्रत्येक पानावर एकच वाक्य: यातलं काय मी अजून माझ्या मुठीत ठेवलंय? वाक्य नेमकं हवं. "मी लोभी आहे" हे नेमकं नाही. "भिशीचे पैसे उचलले ते घरात सांगितलेले नाहीत" हे नेमकं आहे. "भविष्याची चिंता वाटते" हेही नाही. "बेंगळूरूची नोकरी हुकली तर देवाशी बोलणार नाही, असं मी मनात ठरवून टाकलंय" हे आहे. मग आठवड्याला एकच पान घ्या. ते वाक्य देवापुढे मोठ्यानं वाचा आणि त्याच आठवड्यात त्यावर एक कृती करा: घरात सांगणं, ॲप काढून टाकणं, फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं. चारही पानं एकाच रात्री उरकायला गेलेले लोक तिसऱ्या दिवशी वही कपाटात टाकतात.

रोज झोपण्याआधी दहा मिनिटं उजळणी करा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात सांगितलेल्या पाच पायऱ्या अजूनही पुरतात: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासानं आठवणं, क्षमा मागणं, उद्यासाठी एक निश्चय. कॅथलिकांची पद्धत म्हणून प्रॉटेस्टंट घरांनी नाक मुरडायचं कारण नाही. जास्त वेळ तिसऱ्या पायरीला द्या. बहुतेक जण चौथीवरच अडून बसतात आणि उजळणीची मग रडारड होते.

कोरडेपणाबद्दल याच इग्नातींचे दोन नियम फार उपयोगी आहेत. कोरड्या दिवसांत आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि प्रार्थना कमी करावीशी वाटली तर ठरल्यापेक्षा थोडी जास्तच करायची, दहा मिनिटं असतील तर अकरा. त्याआधी झोप आणि जेवण मात्र तपासा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं (१ राजे १९). रात्रपाळी करून पहाटे पाचला प्रार्थनेला बसणाऱ्याला कोरडं वाटलं, तर त्यात सैतानाचा हात शोधू नये.

शिबिराच्या प्रार्थनेला जोड हवी असेल तर मेथडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या करार-नूतनीकरणाच्या उपासनेला जा. जॉन वेस्ली यांनी ती १७५५ साली सुरू केली. तिच्यात "मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव" अशा अर्थाचं मागणं आहे. बाजूला ठेवलं जाणंही कबूल करायला लावणारी प्रार्थना रडण्यापेक्षा अवघड असते.

प्रश्न: रोज प्रार्थनेला बसायला लागल्यापासून मनात देवाविषयी घाणेरडे शब्द येतात. मला ते नको असतात, तरी येतात. एकानं सांगितलं, तुझ्यात काहीतरी शिरलंय. फार भीती वाटते. (भगिनी, खानापूर तालुका)

तुम्हाला ते शब्द नको आहेत, यातच निम्मं उत्तर आलं. विचार येणं आणि विचाराला होकार देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथ्या शतकातल्या वाळवंटातल्या साधूंनीही हा फरक केला होता: विचारानं सतवावं की नाही हे आपल्या हातात नसतं, त्याला घरात ठेवून घ्यायचं की नाही हे असतं. पाप त्याला ठेवून घेण्यात आहे.

याकोब ४:७ मधला क्रम पाळा. आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. लोक उलटं करतात. अर्धा तास सैतानाला दरडावतात आणि देवाशी बोलायला दोन मिनिटं उरतात. यहूदाच्या पत्राच्या ९व्या वचनात मुख्य देवदूत मीखाएलही सैतानाला शिव्याशाप देत नाही, "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हणतो. इफिस ६ मधल्या शस्त्रसामग्रीतही कमरबंद, उरस्त्राण, पायतणं, ढाल, शिरस्त्राण हे सारं टिकून राहण्यासाठी आहे. हल्ल्याचं हत्यार एकच, तलवार, म्हणजे देवाचं वचन. आणि आज्ञा पुन्हा पुन्हा एकच येते: उभे राहा.

तेव्हा घाणेरडा शब्द आला की त्याच्याशी वाद घालू नका, तो पुसून काढायला प्रार्थना पहिल्यापासून सुरूही करू नका. "प्रभू, हे माझं नाही" एवढं एकदा म्हणा आणि जिथे थांबला होता तिथून पुढे जा. मनातल्या मनात प्रार्थना करण्यापेक्षा स्तोत्र १०३ मोठ्यानं वाचा, तोंड आणि कान कामात राहतात. दोन वचनं पाठ असू द्या: भीतीसाठी स्तोत्र २७:१, अपराधीपणासाठी रोम ८:१. येशूनंही अरण्यात तिन्ही वेळा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं एकेक छोटं वचन वापरलं, लांब चर्चा केली नाही.

अजून एक. मत्तय १२:४३-४५ मध्ये झाडून सजवलेलं पण रिकामं घर आहे आणि त्यात सात जास्त वाईट आत्मे येऊन राहतात. नुसतं काढून टाकून भागत नाही, जागा भरावी लागते. दिवसाला मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय घ्या. सोळा अध्याय आहेत, सोळा दिवसांत पुरा होईल.

आता स्पष्ट सांगायला हवं. विचार दिवसभर पिच्छा सोडत नसतील, "नीट झाली नाही" म्हणून तीच प्रार्थना दहा-वीस वेळा म्हणावी लागत असेल, हात पुन्हा पुन्हा धुवावे लागत असतील, तर हा ओसीडी नावाचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आवाज ऐकू येणं, बरेच दिवस झोप नसणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते. गोळ्या चालू असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून, पाळकाच्यासुद्धा, आपल्या मनानं बंद करू नका. आणि "शिरलंय" म्हणणाऱ्या त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

प्रश्न: माझं माहेर ख्रिस्ती नाही, सासरही नाही. दोन वर्षांपासून मी येशूला मानते, नवऱ्याला माहीत आहे. घरात यल्लम्माची परडी आहे. सासूबाई ती भरतात आणि पौर्णिमेला सगळे सौंदत्तीला जातात. परडीला हात लावू का? डोंगरावर जाऊ का? नाही म्हटलं तर घरात युद्ध, हो म्हटलं तर मनात. (निपाणी परिसर)

आधी नामानाची गोष्ट वाचा (२ राजे ५:१७-१९). अरामाचा हा सेनापती कोड बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला सांगतो, यापुढे मी परमेश्वराखेरीज कुणाला अर्पण करणार नाही. पण राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला झापत नाही. "शांतीनं जा" म्हणतो. नामानानं काय केलं बघा: स्वतःची पूजा कुणाची हे ठाम ठेवलं, आणि नात्यापोटी करावं लागतं ते लपवलं नाही.

तुमच्या घरात या दोन गोष्टी अशा वेगळ्या करता येतील. घर सारवणं, पुरणपोळ्या लाटणं, पाहुण्यांचं करणं, सासूबाईंना गाडीत बसवून देणं, त्यांची पिशवी उचलणं हे सुनेचं काम आहे. ते आनंदानं करा, आधीपेक्षा जास्त करा. परडी स्वतः भरणं, जोगवा मागणं, भंडारा लावून घेऊन नवस बोलणं ही उपासना आहे. ती तुमची राहिली नाही. प्रसादाच्या ताटाबद्दल १ करिंथ ८ आणि १० वाचा. पौल अन्नाला घाबरत नाही. तुमच्या खाण्यातून समोरच्याला काय समजेल, हे तो बघायला सांगतो.

डोंगरावर जायचं की नाही, हे पत्रातून सांगता येणार नाही. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल आणि सांभाळायला तुम्हीच असाल तर जाणं वेगळं. "बघू या, हिचा येशू किती टिकतो" म्हणून नेत असतील तर वेगळं.

सांगायचं कसं? सण तोंडावर आल्यावर नको. मधल्या एखाद्या साध्या दिवशी, आधी नवऱ्याला, मग त्यांच्यासमोर सासूबाईंना, तीन वाक्यांत: "आई, तुमच्या देवीचा मी अपमान करणार नाही. पण परडी मी भरू शकत नाही, कारण माझी प्रार्थना येशूला आहे. बाकी तुम्ही सांगाल ते काम माझं." एकदाच सांगा. रोज सांगितलं तर ती कटकट होते आणि १ पेत्र ३:१-२ नेमकं हेच टाळायला सांगतं. परडी फेकणं, फोटो उतरवणं, देवीला नावं ठेवणं यातलं काहीही करू नका. ती वस्तू सासूबाईंची आहे, तुमची नाही. मारहाण होत असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे.

प्रश्न: थोरल्या भावानं बांध कोरला आणि उताऱ्यावरून माझं नाव काढायला बघतोय. कोर्टात केस आहे. त्याला क्षमा केल्याशिवाय प्रभुभोजन घेऊ नये म्हणतात. मग केस मागे घ्यायची का? (चिकोडी तालुका)

नाही. क्षमा म्हणजे जमीन सोडणं नव्हे. केस वकील बघेल, पण भावाचं वाटोळं व्हावं म्हणून रोज रात्री मनात चालवलेली दुसरी केस तुम्ही मागे घ्यायची आहे. इफिस ४:२६-२७ मध्ये सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका आणि सैतानाला वाव देऊ नका, ही दोन्ही वाक्यं लागून आली आहेत. वाव मिळतो तो तिथेच.

रोज भावाचं नाव घेऊन एक वाक्य प्रार्थना करा, दात-ओठ खाऊन केली तरी चालेल. मुलांसमोर त्याच्याबद्दल वाईट बोलणं बंद करा. गल्लीत समोर आला तर तोंड फिरवू नका. मत्तय १८:१५ प्रमाणे एकदा एकट्यानं जाऊन बोला, नंतर एक-दोन शहाणी माणसं घेऊन. त्यानं दार लावून घेतलं तर तुमच्याकडून जेवढं होतं तेवढं झालं (रोम १२:१८), प्रभुभोजनाला या. खोटा साक्षीदार उभा करायचा बेत असेल तर मात्र येऊ नका.

प्रश्न: चाळीस दिवस उपास केला तर सैतानाचं बंधन तुटेल का? (बेळगाव)

उपासानं देवावर दबाव येत नाही. आठवड्यातून एका वेळचं जेवण सोडा, पाणी भरपूर प्या, तो वेळ प्रार्थनेला द्या आणि वाचलेला शिधा गरजूच्या घरी पोचवा (यशया ५८). मधुमेह, गरोदरपण किंवा रोजची औषधं असतील तर उपासच करू नका. त्याऐवजी मोबाइल सोडा, बहुतेकांना तेच जड जातं.

प्रश्न: एक जुनं पाप आहे. कुणाला तरी सांगावंसं वाटतं, पण गाव लहान आहे, बातमी फुटेल. देवाला सांगितलंय, तेवढं पुरे ना? (खानापूर)

क्षमेसाठी पुरे. त्यातून सुटण्यासाठी बहुधा पुरत नाही. म्हणून याकोब ५:१६ एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगतो. इग्नाती म्हणतात, शत्रूला, म्हणजे सैतानाला, गुप्तता हवी असते. गोष्ट शहाण्या माणसाच्या कानावर गेली की त्याचा डाव फिसकटतो.

माणूस निवडताना चार गोष्टी बघा: तो दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला सांगत नाही, त्याचं तुमच्याशी पैशाचं किंवा सोयरिकीचं नातं नाही, तो ऐकताना मध्ये बोलत नाही, आणि तो स्वतः कुणाला तरी जाब देतो. आपल्या मंडळीत असा कुणी नसेल तर दुसऱ्या गावचा पाळक गाठा, बस आहेच. कॅथलिक असाल तर पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरूंना कुठेही उघड करता येत नाही, हा चर्चचा कडक नियम आहे. बाईनं शक्यतो वडीलधाऱ्या बाईजवळ बोलावं.

जाण्याआधी चार ओळी कागदावर लिहा आणि बसल्या बसल्या पहिल्या पाच मिनिटांत वाचून टाका. इकडचं तिकडचं बोलत बसलात की निघायची वेळ होते. पापाचं नाव घ्या, तपशील रंगवू नका, त्यातल्या दुसऱ्या माणसाचं नाव घेऊ नका. गुन्हा असेल, कुणाचं नुकसान झालं असेल, तर भरपाईचा विषय त्याच बैठकीत काढा. जकातदार जक्कयानं चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती (लूक १९:८). घरी येऊन कागद जाळा. आणि समोरच्यानं बंधन तोडायच्या प्रार्थनेचे पैसे मागितले, तर तिथेच उठून बाहेर पडा.