वहीतलं पहिलं नाव

भुसावळहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५४, यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलं नोकरीसाठी पुण्यात. पत्र चार पानांचं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मी चर्चच्या मंडळीतच लहानाची मोठी झाले. संडे स्कूल शिकवते, महिला मंडळाचं काम बघते. दर बुधवारी आम्ही सहा-सात जणी सरकारी दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खिचडी नेतो. उन्हाळ्यात मंडळीची पाणपोई असते, तीही माझ्याकडेच. पहाटे उठून प्रार्थनेची वही उघडते. त्यात पन्नासेक नावं आहेत. आजारी माणसं, नोकरी नसलेली पोरं, लग्न जमत नसलेल्या मुली. पहिलं नाव धाकट्या बहिणीचं, ती यावलला असते, आईच्या घराच्या कागदावर मी भावाला सही करून दिली, तिनं दिली नाही, तेव्हापासून सात वर्षं बोलणं नाही, ते असो. एकेका नावावर थांबून मागणं मागते. पण वर्षभर झालं, सगळं कोरडं वाटतं. शब्द तोंडातून निघतात आणि तिथंच पडतात. आमचे पाळकसाहेब फार भले आहेत. घरी येऊन त्यांनी धीर दिला. म्हणाले, प्रार्थना सोडू नका, सेवा चालू ठेवा, विश्वास धरून राहा, असा काळ प्रत्येकाला येतो. मी तेच करतेय. आठवड्यातून एक उपासही वाढवला. तरी काही हलत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

ताई,

विश्वासाची काळजी सोडा. वर्षभर आत काही जाणवत नसताना तुम्ही रोज पहाटे उठलात. ज्याचा विश्वास संपलेला असतो तो कूस बदलून झोपतो.

मला बोलायचंय ते त्या 'ते असो'बद्दल.

खिचडीला किती तांदूळ लागतो, पाणपोईच्या रांजणांची फडकी कोण ओली करतं, उपासाच्या दिवशी दुपारी चक्कर कशी येते, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. पाठच्या बहिणीला मात्र एका वाक्यात बसवलंत आणि तेही अर्ध्यावर मिटवून टाकलंत. त्या वाक्यात आई आहे, घर आहे, भाऊ आहे, सही आहे, सात वर्षं आहेत. आणि तिचं नाव वहीत पहिलं आहे, पन्नास नावांच्या आधी. म्हणजे सुरुवात कुठून करायची हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही रोज तिथून सुरुवात करता आणि रोज तिथून निसटता.

सात वर्षं, म्हणजे अडीच हजारांवर पहाटा. इतक्या वेळा तुम्ही तिचं नाव देवापुढं घेतलंत. तिच्यापुढं एकदाही घेतलं नाहीत. भुसावळहून तापी ओलांडली की यावल २० किलोमीटरच्या आसपास. तासाभराच्या आत एसटी पोचते आणि मार्च २०२३पासून बायकांना तिकीटही अर्धं आहे. बुधवारच्या खिचडीसाठी पातेली, गॅस, रिक्षा, सहा बायका, एवढी सगळी जुळवाजुळव तुम्ही दर आठवड्याला करता. यावलला जायला यातलं काहीच लागत नाही.

मी कठोर बोलतेय, आणि तुमच्यासारख्या बाईशी असं बोलायला मला जड जातंय. पण तुम्हाला धीर द्यायला पाळकसाहेब आहेत. त्यांनी सांगितलं त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. प्रार्थना, सेवा, विश्वास, पाळकानं दुसरं काय सांगावं? फक्त त्यांना तुम्ही बहिणीबद्दल सांगितलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. वैद्यापुढं बसून जीभ दाखवायची आणि जखम पदराखाली ठेवायची, मग औषध लागू पडत नाही म्हणून स्वतःच्या श्रद्धेवर शंका घ्यायची, असं झालंय हे.

आता त्या सहीबद्दल. तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं की तुम्ही सही दिलीत म्हणून तुम्ही समजूतदार, आणि तिनं दिली नाही म्हणून ती हट्टी. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण 'मी दिली, तिनं दिली नाही' एवढ्यात सगळं आलं. आपल्याकडे ही रीतच पडून गेलीय. आईबाप गेले की बहिणींना बोलवायचं, जेवू घालायचं, साडी नेसवायची आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घ्यायची. जी देते ती गुणाची. जी देत नाही तिचं माहेर तुटतं. यात हिंदू-ख्रिस्ती असा काही भेद मला तरी दिसलेला नाही.

कायदा मात्र वेगळं सांगतो. ख्रिस्ती माणसांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आईच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी, लग्न झालेलं असो वा नसो. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मुलींना एवढ्यासाठी १९८६पर्यंत थांबावं लागलं. मेरी रॉय नावाची बाई सख्ख्या भावाशी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठं त्यांना तो हक्क मिळाला. तुमच्या बहिणीला तो आधीपासून होता. हक्कसोड ही राजीखुशीनं द्यायची गोष्ट आहे. द्यायची तुमची राजीखुशी होती, तुम्ही दिलीत. तिची नव्हती, तिनं दिली नाही. तिनं कुणाचं काही हिसकावलेलं नाही. जे तिचं होतं ते सोडलं नाही, एवढंच. यावलमध्ये तिचं कसं चाललंय, घरात आजारपण आहे का, मुलांच्या फिया भरायच्या आहेत का, केळीचा भाव पडला त्या वर्षी तिच्या घरात काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तिच्याविषयी एवढंच आहे की ती यावलला असते.

मग तिच्या नावावर थांबून तुम्ही रोज मागता तरी काय? तिला सुबुद्धी दे, तिचं मन मऊ कर, तिला परत आण, असंच ना? तसं असेल तर घराच्या भांडणात देवानं भावाच्या आणि तुमच्या बाजूनं साक्ष द्यावी, असं मागणं सात वर्षं चाललंय. ते वर जात नसेल तर मला नवल वाटत नाही. एका नावापाशी अडकलेली प्रार्थना पुढच्या पन्नास नावांवर तरी मोकळी कशी होणार?

तुम्ही संडे स्कूल शिकवता. बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला वेदीचा भाग पोरांना कितीदा सांगितला असेल. आपण दान घेऊन वेदीपाशी उभे आहोत आणि तिथं आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. तर दान तिथंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग परत येऊन दान द्यायचं. हे सांगताना आपण एक गोष्ट पोरांच्या पुढून हळूच सरकवतो. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर जा, असं तिथं नाहीच. त्याच्या मनात आपल्याविरुद्ध असेल तर जा. चूक कुणाची हा हिशोब तिथं मांडलेलाच नाही. ज्याला आठवलं, त्यानं निघायचं. तुम्हाला रोज पहाटे आठवतं.

आणि येशूचं हे ऐकणारी माणसं होती गालीलातली. वेदी यरुशलेमेत. मधे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, पायी कित्येक दिवसांची वाट. तेवढं चालून वेदीपर्यंत पोचलेल्या माणसाला सांगितलंय, आणलेलं तसंच ठेव आणि माघारी जा. तिथं यावलची बस काय घेऊन बसलात!

तुमच्या मंडळीत टिळकांची भजनं म्हणतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या. प्रार्थना करणारा त्यांच्याएवढा माणूस मराठी ख्रिस्ती समाजात क्वचितच झाला असेल. पण बायकोसाठी नुसती प्रार्थना करून ते थांबले नाहीत, पत्रं लिहीत राहिले. शेवटी दोघांचा संसार पुन्हा एका छपराखाली आला. जिच्यासाठी मागणं मागतो तिच्या दारापर्यंत स्वतः जायचं असतं, हे तुमच्या स्वतःच्या परंपरेत आहे. मी बाहेरून आणून सांगत नाही.

सेवेबद्दलही बोलते, कारण माझा राग तिच्यावर नाही. दवाखान्याच्या आवारात रात्र काढलेल्या माणसाला गरम खिचडी मिळते, ती फार मोठी गोष्ट आहे. वैशाखातल्या भुसावळच्या उन्हात पाणी पाजणं ही तर आणखी मोठी. ते बंद करू नका. पण दवाखान्यातली माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. ती हात जोडतात, आशीर्वाद देतात, दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी जातात. बहीण तुम्हाला जन्मापासून ओळखते. तिच्यापुढं तुम्ही सेवा करणाऱ्या ताई नसता. सही देऊन भावाच्या बाजूला जाऊन बसलेली मोठी बहीण असता. म्हणून दवाखान्यात जाणं सोपं आणि यावलला जाणं अवघड. हे मला कळतं, ताई. खरंच कळतं. तरीही जायचंच आहे.

या बुधवारी खिचडीला जाऊ नका. यावलला जा.

दुसरा काही उपाय मी सुचवणार नाही. फोन करून बघते, नाताळला कार्ड पाठवते, भावाला मध्ये घालते, यातलं काही नको. भावाला तर सांगूही नका. पाळकसाहेबांना बरोबर नेऊ नका. ते आले की ती भेट मंडळीची होते आणि तिला दार उघडावंच लागतं. तिला नाही म्हणायची मोकळीक हवी.

डबा नेऊ नका. तुम्ही देणाऱ्या आणि ती घेणारी, हे तिथं चालणार नाही. रिकाम्या हातानं जा. तिनं पाणी दिलं तर प्या. भाकरी वाढली तर बसून जेवा, उपास असला तरी जेवा. तिनं काही सुनावलं तर ऐकून घ्या, मध्ये खुलासा करू नका. सात वर्षांचं साठलेलं असेल, त्याला वेळ लागेल.

तुम्ही बोलायचं ते एवढंच: "सही न देणं तुझा हक्क होता. मी तुझ्याशी बोलणं सोडलं ते चुकलं." बोलणं आधी कुणी सोडलं हे पत्रात नाही. तिनं सोडलं असलं तरी हे असंच म्हणा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. 'मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते' हे वाक्य तिथं तोंडातून निघता कामा नये. तुमच्यासाठी ते प्रेम असेल. तिच्या कानांना ते असं लागेल, की सात वर्षं ही माझ्याबद्दल देवाशी बोलत राहिली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिथं प्रार्थनाही करू नका. तिनं आपण होऊन म्हटलं, ताई प्रार्थना कर, तरच करा, आणि तीही छोटी. त्यात सुबुद्धी मागू नका.

ती दार उघडणार नाही, असंही होईल. तिचा नवरा ओसरीवरून परत पाठवील. होऊ द्या. परत या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. एका फेरीत सात वर्षं भरून निघतील अशी अपेक्षा ठेवून गेलात तर रडत याल आणि पुन्हा वहीकडे वळाल. तिला तुमच्यावर विश्वास ठेवायला जितका वेळ लागेल तितका तिला द्या. देवाला तुम्ही वर्षभर दिलातच की.

जाऊन आल्यावर मंडळीत साक्ष देऊ नका. कुणी विचारलं तर बहिणीकडे गेले होते, एवढंच सांगा. सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलंत की ती तुमच्या साक्षीतलं एक पात्र होईल, आणि ते तिच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही. यावल-भुसावळमध्ये बातमी बसच्या आधी पोचते.

बुधवारची पातेली मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायची ते आजच ठरवा आणि तिला आजच फोन करा. मंगळवार रात्रीपर्यंत थांबलात तर कुणाला तरी ताप येईल, कुणाकडे तरी पाहुणे येतील आणि खिचडी पुन्हा तुमच्याकडेच येईल.