माणूस स्वतःच्या भावना स्वतः निवडू शकतो का?

निवडता येत नाहीत. आल्यावर त्यांचं काय करायचं, ते मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतं.

परवा संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये चढताना मागून एकाचं कोपर बरगडीत बसलं. डोक्यात सणकच गेली. ती काही मी ठरवून आणली नव्हती. वळून बघतो तर गृहस्थाच्या कडेवर झोपलेलं पोर, दुसऱ्या हातात पिशवी. राग तिथेच अर्धा उतरला. कोपर तेच, दुखणंही तेच, अर्थ बदलला.

मानसशास्त्रात याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवून हे तपासलं. ज्यांनी ती अलिप्तपणे पाहिली, त्यांना किळस कमी वाटली. ज्यांनी नुसता चेहरा कोरा ठेवला, त्यांची किळस काही कमी झाली नाही, वर शरीरावरचा ताण वाढला. त्यामुळे ‘राग गिळ बाबा’ हा आपल्याकडे घरोघरी मिळणारा सल्ला मला तरी अर्धवट वाटतो.

अर्थात झोप झालेली नसेल आणि पोटात कावळे ओरडत असतील, तर हे सगळं ज्ञान अंधेरीपर्यंतसुद्धा टिकत नाही.