एकोणीस दिवस अनुत्तरित

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. शाईपेनवाल्यांचा तुझा ऑनलाइन चर्चेचा अड्डा सुरू होऊन आठ महिने झाले, सभासदसंख्या २४० वर येऊन अडली, आता जाहिरात कशी करू, असं विचारलं आहेस. उत्तर लिहिण्याआधी म्हटलं, स्वतः जाऊन बघावं. परवा रात्री तासभर तुझ्याकडे रोमात, म्हणजे काही न लिहिता नुसतं वाचत बसलो होतो.

तिथे एक धागा सापडला. कुणा नव्या आयडीने लिहिलं होतं, ‘आजोबांचं पेन मिळालं. शाई भरली, पण दोन ओळी लिहिल्या की कोरडं पडतं. काय करू?’ खाली एकही प्रतिसाद नाही. एकोणीस दिवस झाले होते. त्याच आठवड्यात तू ‘आपले २०० सभासद पूर्ण!’ असा धागा काढला होतास आणि त्याच्यावर चौदा जणांची अभिनंदनं होती. तो पेनवाला पुन्हा फिरकलेला दिसला नाही.

आता सांग, जाहिरात करून आणखी शंभर जण आणलेस तर ते कुठे येऊन पडणार? त्याच धाग्याच्या शेजारी.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या माणसाचा पहिला प्रश्न चोवीस तासांच्या वर उघडा राहता कामा नये. मी सभासद मोजत नाही. दुसऱ्यांदा लिहायला किती जण आले, ते मोजतो. महिन्याला असे पाच जण मिळाले तरी तुझा अड्डा वाढतो आहे, आकडा काहीही म्हणो.

उत्तर कसं द्यायचं तेही बघ. त्या माणसाला निबचा इतिहास नको होता. ‘निब आणि तिला शाई पोचवणारा खालचा फीड रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, काही भाग वाकतात. आणि चित्रकलेची इंडिया इंक भरली नव्हती ना? ती आत वाळून बसते.’ एवढ्यावर काम झालं असतं. आणि शेवटी एक प्रश्न हवा : ‘टोपणावर काही नाव कोरलं आहे का? फोटो टाका ना.’ या प्रश्नासाठी तो परत येतो.

पण प्रत्येक वेळी तूच धावू नकोस. ॲडमिनने पहिल्या पाच मिनिटांत उत्तर दिलं की बाकीचे प्रेक्षक होऊन बसतात. जाणकारांपैकी एकाला खाजगीत लिही, ‘हा तुमचा प्रांत आहे, जरा बघता का?’ आपल्याला कुणीतरी जाणकार समजतं, हे कळलेला माणूस सहसा सोडून जात नाही. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही, तर मग तू लिही.

डुआयडी, म्हणजे स्वतःचेच दुसऱ्या नावाचे बनावट आयडी, काढून गप्पा रंगवू का, असंही विचारलंस. रेडिट २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा संस्थापकच बनावट खात्यांवरून लिंका टाकायचे, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं आहे. हा दाखला तुला कुणी ना कुणी ऐकवणारच. पण ते लिंका टाकत होते, तू गप्पा मारायच्या म्हणतोस, आणि दोनशे माणसांत लिहिण्याची ढब लगेच ओळखू येते. मी हा उद्योग करून बसलो आहे. दोन डुआयडी काढले होते. एके रात्री आयडी बदलायचा विसरलो आणि माझ्याच लेखाला माझ्याच नावाने ‘वा, डोळे उघडले!’ असं लिहिलं. पुढे वर्षभर तिथे मला ‘डोळे’ म्हणत. त्यापेक्षा खऱ्या ओळखीच्या चार जणांना गळ घाल. ‘रोज एक ओळ तरी लिहा’ म्हणावं.

आता जाहिरात. गर्दी एकदम आली तर काय होतं, हे यूजनेटने दाखवून ठेवलं आहे. १९८० पासून चालू असलेली ती चर्चांची जागा बरीचशी विद्यापीठांतल्या लोकांची होती. दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी यायचे, धुडगूस घालायचे, जुने लोक त्यांना रीत शिकवायचे आणि काही आठवड्यांत सगळं स्थिरस्थावर व्हायचं. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या ऑनलाइन सेवांनी आपल्या ग्राहकांना तिथे दार उघडून दिलं. मग लोंढा थांबेचना. शिकवणारे थकले. त्या काळाला लोक आजही ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. मेटाफिल्टर या चर्चेच्या संकेतस्थळाने २००४ मध्ये नव्या सभासदांना एकदाच पाच डॉलर फी लावली. रक्कम किरकोळ, पण उगाच काडी टाकून पळणारा दाराशीच विचार करतो. तू फी लावू नकोस, तुझ्याकडे अजून लोंढाच नाही. पण मोठ्या ग्रुपवर लिंक फेकून एका रात्रीत तीनशे जण ओढायची घाईही नको. तुझे लिहिते जुने सात-आठ. ते जितक्यांना सांभाळून घेतील तितकेच आण.

आणायचे कसे? शाईपेनवाले आधीच जिथे बोलत असतात तिथे जा आणि स्वतःच्या नावाने उत्तरं देत राहा. लिंक तेव्हाच दे, जेव्हा नेमकं उत्तर तुझ्याकडच्या धाग्यात असेल. निमंत्रण एकेकट्याला दे. ‘आमच्याकडे या’ याला कोणी हलत नाही. ‘तुम्ही शाई गळण्याबद्दल लिहिलं होतं, आमच्याकडे एक जण त्याच दुखण्याने अडला आहे’ याला माणूस येतो. आणि धाग्यांची शीर्षकं बदल. ‘मदत हवी’ असं कोणी शोधत नाही. ‘पिस्टन जाम झाला, शाई ओढत नाही’ असं शोधतात. असा एक निकाली निघालेला धागा पुढे कित्येक वर्षं शोधयंत्रातून माणसं आणत राहतो. हे चॅटच्या ग्रुपवर होत नाही, तिथलं उत्तर दुसऱ्या दिवशी वाहून गेलेलं असतं.

विभाग चौदा केले आहेस, तीन पुरेत. रिकाम्या खोल्या दाखवल्या की पाहुणा कुजबुजत बाहेर पडतो.

रोमातल्यांवर चिडू नकोस. लोक संकेतस्थळं कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा : शंभरात नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक भरभरून लिहितो. तुझ्या २४० जणांत म्हणजे दोन-तीन भरभरून लिहिणारे. तुझ्याकडे त्याहून जास्त आहेत! तू उगाच कपाळाला हात लावून बसला आहेस.

त्या सात-आठांतले ते एक गृहस्थ मात्र मला खटकले. ज्ञान अफाट, पण नवख्याला ‘आधी शोधून बघत जा’ असं फटकारतात. त्यांना खाजगीत, आदराने, पण स्पष्ट सांग. दोनदा सांग. तिसऱ्यांदा तो प्रतिसाद उडव आणि कोणत्या नियमाने उडवला ते तिथेच लिही. ते रागावून गेले तर तुला भारी पडेल, खरं आहे. पण त्यांच्यामुळे जे निघून जातात ते सांगून जात नाहीत, म्हणून त्यांचा हिशोब तुला दिसत नाही.

बॅकअप दर आठवड्याला घे, आणि सर्व्हरचा पासवर्ड आणखी एका विश्वासू माणसाकडे असू दे.

त्या आजोबांच्या पेनवाल्याला आज रात्रीच लिही. उशीर झाला तर झाला, त्याला ईमेल जाईल. मीच लिहिणार होतो, पण आयडी काढायला गेलो तर तुझ्या नोंदणीच्या पानाने जन्मतारीख, व्यवसाय, फोन नंबर आणि ‘आपल्याविषयी पन्नास शब्द’ मागितले. पन्नास शब्दांपाशी मी कंटाळून पान बंद केलं. ते रकाने काढून टाकलेस की कळव, फीडबद्दल मलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

तुझा,
‘डोळे’