आर्ट्सवाल्यांनी परदेशी जावं का?

प्रश्न: ताई, मी साताऱ्यात टीवायबीए करतेय, सोशिऑलॉजी. एमएला जर्मनीला जायचंय, पण घरचे म्हणतात बाहेर जायचं ते इंजिनीअरिंगवाल्यांनी, आर्ट्सला कोण विचारतं! खर्च झेपेल का?

उत्तर: अगं, बाबासाहेब १९१३ला बडोद्याची स्कॉलरशिप घेऊन कोलंबियाला गेले ते इकॉनॉमिक्स, सोशिऑलॉजी, इतिहास असलंच शिकायला ना, घरी आधी हे सांग. आता पैशाचं. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही, पण हायडलबर्गची नावाजलेली युनिव्हर्सिटी ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, म्हणून नुसतं नाव बघून भुलू नकोस, गटिंगन युनिव्हर्सिटीत मॉडर्न इंडियन स्टडीजचा एमए आहे तोही बघ. खरी मेख वेगळीच आहे, व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे एकदम काढता येत नाही अशा खात्यात, दाखवावा लागतो, २०२४पासून ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांच्या वरच, आणि इथेच बऱ्याच जणांचं घोडं अडतं. हा पैसा तुझाच असतो, महिन्याला थोडा थोडा परत मिळतो, पण सुरुवातीला उभा तर करायला हवा ना.

म्हणून इरास्मुस मुंडुसला, म्हणजे युरोपियन युनियनच्या मास्टर्सच्या स्कॉलरशिपला, अप्लाय कर, त्यात फी माफ आणि महिना १४०० युरो, शिवाय दोन देश तरी फिरून शिकायला मिळतं. चेव्हनिंग, म्हणजे ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप, सध्या विसर, तिथे दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. आणि हो, जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं, ते ऐनवेळी मिळत नाही, मार्कशीटा हातात आल्या की लगेच त्याच्या मागे लाग.