डॅलसला निघालेल्या खानापूरच्या ताईंना

ताई, नवऱ्याकडं डॅलसला जायचंय, बरोबर अडीच वर्षांची मुलगी आहे, विमानात पहिल्यांदाच बसणार आहात, आणि घरचे म्हणतात स्वस्त पडतंय तर बेळगाव-मुंबई वेगळं आणि पुढचं वेगळं तिकीट काढू, असं तुम्ही लिहिलंत. आधी तिकिटाचंच सांगते. तसं करू नका.

मी 2008 साली बेळगावातल्या शहापूरहून निघाले तेव्हा मुलाला नुकतीच दोन वर्षं झाली होती. आपण राहायचं बेळगावात, पण पासपोर्ट बेंगळुरूचा, व्हिसाला चेन्नई आणि विमान मुंबईचं. त्या फेऱ्यांतच निम्मा जीव गेला होता. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठली. जेट एअरवेजचं मुंबई-ब्रसेल्स-नेवार्क विमान आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. त्यांची मुंबई, दिल्ली, चेन्नईची विमानं ब्रसेल्सला जमायची आणि तिथून नेवार्क, न्यूयॉर्क, टोरांटोच्या वाटेला लागायची. मुंबई ते ब्रसेल्स साधारण नऊ तास, पुढं आठ.

विमान वर चढताना मुलाचे कान दुखायला लागले. तो असा रडायला लागला की आजूबाजूचे वळून बघायला लागले आणि मलाही रडू यायला लागलं. सीटबेल्टचा दिवा विझल्याबरोबर पिवळ्या कोटातली एक हवाईसुंदरी आली, वाटेत गुडघ्यावर बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "ताई, त्याला घोटघोट पाणी द्या. गिळलं की कान मोकळे होतात." माझ्या पर्समध्ये आईनं दिलेली गूळ-पोळीची गुंडाळी होती. तिचे बारीक तुकडे करून भरवले. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला तो गप्प झाला. तेव्हापासून मी प्रत्येकीला हेच सांगते. वर चढताना आणि विशेष करून खाली उतरताना मुलाच्या तोंडात काहीतरी असू दे, उतरताना झोपू देऊ नका.

ती जेट एअरवेज आता नाही. 17 एप्रिल 2019ला रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं आणि नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायमची मोडीत काढायचा आदेश दिला. त्या दिवशी मी ती हवाईसुंदरी आठवून बराच वेळ बसले. आता ती कुठं असेल?

सांगायचं हे की विमान कंपन्यासुद्धा बुडतात, विमानं रद्द होतात, उशिरा येतात. म्हणून सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असू दे. मधलं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी मग त्यांची राहते. मी 2013 साली पैसे वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढली होती. देशातलं विमान पाच तास उशिरा आलं, परदेशी विमान निघून गेलं, दोन्ही काउंटरवर "हे आमच्याकडं येत नाही" एवढंच उत्तर. ती रात्र मुलाला मांडीवर घेऊन खुर्चीत काढली आणि सकाळी नवं तिकीट घेतलं. वाचवलेल्या पैशांच्या चौपट गेले.

सामानाचंही तेच. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 23 किलोच्या दोन बॅगा चालतात, पण सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, वेगळं तिकीट काढलंत तर देशातल्या हिशोबानं साधारण 15 किलोच. मुलगी दोनाच्या वर आहे, तिला पूर्ण सीट लागणार, म्हणजे तिच्या नावावरही बॅगा मिळतील. डॅलसला थेट न जाता अमेरिकेत मध्ये कुठं विमान बदलणार असाल, तर सहसा तिथल्या पहिल्या विमानतळावर बॅगा स्वतः उचलून, कस्टम्समधून नेऊन परत द्याव्या लागतात. टॅग डॅलसचा असला तरी.

कागदपत्रांत आपल्या भागाचा खास घोळ असतो. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत आणि आडनावाची तीन स्पेलिंगं. 1 नोव्हेंबर 2014च्या आधीच्या कागदांवर बेळगावचं इंग्रजी नाव जुनं, नंतरच्यांवर नवं. प्रत्येक अर्जात पासपोर्टवर असेल तसंच्या तसं लिहा. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र आताच करून घ्या, निघायच्या आठवड्यात धावाधाव नको. मूळ कागद हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही.

आणि हो, संकेश्वरी मिरचीचं तिखट नेता येतं का विचारलंत. न्या की. मी दरवेळी दोन किलो नेते. कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही. ताजी फळं, बिया, मटण यातलं काही घ्यायचं नाही. तिखटाच्या पिशवीवर आणखी दोन पिशव्या चढवून स्टीलच्या डब्यात घाला, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि डबा बॅगेच्या मधोमध साड्यांत ठेवा. एकदा माझा फुटला होता, लेकराच्या स्वेटरचा वास तीन धुण्यांनंतर गेला.