तुपातलं ब्युटिरेट मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही

तुम्ही विचारलंय की अँटिबायोटिकचा कोर्स संपून महिना झाला तरी पोट जागेवर नाही. आतड्याच्या अस्तराला ब्युटिरेट लागतं आणि ते तुपात असतं असं वाचलं, तर रोज दोन चमचे तूप वाढवावं का?

आधी तुपाचं सांगते. त्यात ब्युटिरिक आम्ल (ब्युटिरेट हे त्याचंच रूप) असतं हे खरं, साधारण ३-४ टक्के. पण ते लहान आतड्यातच शोषलं जातं. ज्या अस्तराला त्याची खरी गरज आहे ते मोठ्या आतड्यात, आणि तिथवर तुपातलं जवळजवळ काही उरत नाही. वरणभातावर तूप जरूर घ्या, औषध समजून वाढवू नका.

मोठ्या आतड्यात ब्युटिरेट जागच्या जागी तयार व्हावं लागतं. आपल्याला न पचलेला चोथा आणि स्टार्च तिथे पोचला की जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं निघतात. इतर अवयवांना रक्तातून खाणं मिळतं, या अस्तराच्या पेशी मात्र मुख्यतः आतल्या पोकळीतून, जिवाणूंच्या हातचं खातात. १९८० मध्ये रोडिगर या संशोधकांनी या पेशी वेगळ्या काढून मोजलं, तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा ब्युटिरेटचा निघाला.

मी वीस वर्षं बायोप्सीच्या स्लाइड वाचते आहे, आणि हे खाणं तुटलं की काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. शस्त्रक्रियेनंतर मळ बाहेर काढायला पोटावर पिशवी बसवली की आतड्याचा पुढचा भाग रिकामा पडतो. तिथून मळ जात नाही, म्हणजे त्याला विश्रांतीच मिळायला हवी. पण काही महिन्यांनी त्याच भागाचा तुकडा माझ्याकडे येतो तेव्हा अस्तर सुजलेलं असतं, ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशी घुसलेल्या असतात, खाली लिम्फॉइड पेशींचे गोल पुंजके फुगलेले दिसतात. काही रुग्णांना आव आणि रक्तही पडतं. १९८९ मध्ये हॅरिग आणि सहकाऱ्यांनी अशा मोजक्या रुग्णांना हीच आम्लं एनिमातून दिली आणि सूज उतरली. आतडं पुन्हा जोडलं की बहुधा ती आपोआप उतरते, कारण जेवण परत सुरू होतं.

आता तुमच्या अँटिबायोटिककडे येते. ब्युटिरेट जाळायला पेशींना भरपूर ऑक्सिजन लागतो. रक्तातून आलेला ऑक्सिजन त्या तिथेच संपवतात, पोकळीत झिरपू देत नाहीत. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ही व्यवस्था त्यांच्याही फायद्याची. शिवाय पेशीत ऑक्सिजन कमी असला की हिफ नावाचं प्रथिन टिकतं आणि दोन पेशींमधले सांधे घट्ट राहतात. अँटिबायोटिकने हे जिवाणू मेले की पेशी साखरेकडे वळतात, ऑक्सिजन शिल्लक राहून आत झिरपतो आणि त्यावर ई. कोलाय, साल्मोनेला अशा जिवाणूंचं फावतं. २०१७ मध्ये उंदरांवर हे नीट दाखवलं गेलं. माणसात प्रत्येक पायरी तशीच घडते असा दावा मी करणार नाही, पण कोर्सनंतर पोट रेंगाळतं ते का, याचा मला पटणारा खुलासा हाच आहे.

चोथा फारच कमी झाला तर काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. तेही उंदरांत दिसलंय.

आपल्याकडचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ओआरएसमध्ये न पचणारा मक्याचा स्टार्च घालून दिला. जुलाबाचं पाणी कमी झालं, जुलाब लवकर थांबले. त्यांचा अहवाल २००० साली छापून आला. या आम्लांबरोबर मोठं आतडं मीठ-पाणी ओढून घेतं, त्याच गुणाचा हा उपयोग.

म्हणून ब्युटिरेटच्या कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी जिवाणूंना खायला द्या. ज्वारीची भाकरी, मटकी-चवळीची उसळ, कच्च्या केळ्याची भाजी. भात शिजवून गार केला तर त्यातला न पचणारा स्टार्च थोडा वाढतो. मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका, लवकर फ्रीजमध्ये टाका, नाहीतर वेगळंच दुखणं मागे लागेल. सुरुवात अर्ध्या वाटी उसळीने करा. पोट फुगलं तर प्रमाण उतरवा, चार दिवसांनी परत वाढवा.

पण शौचात रक्त, ताप, किंवा दिवसातून तीन-चारदा पाण्यासारखं होत असेल तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. डॉक्टरांना अँटिबायोटिकचं नाव आणि तारखा सांगा आणि अँटिबायोटिकनंतर बळावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल या जिवाणूची तपासणी हवी का, हे स्पष्ट विचारा.