शेतीचा कट्टा : बादलीतला पालक आणि वाफ्यातली चवळी

प्रश्न : नमस्कार, मी माण तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. मुलं सगळी शेतकऱ्यांचीच आहेत, पण बिनमातीची शेती त्यांना मोबाईलवर बघून तोंडपाठ आणि घरची ज्वारी कधी पेरली विचारलं की एकमेकांकडे बघतात. एकाने पाईपवाल्या सेटचं ३५ हजारांचं कोटेशन दिलंय, तेवढे पैसे कुठून आणायचे? मातीतली आणि पाण्यातली शेती दोन्ही स्वस्तात शिकवता येईल का? आणि पाण्यात कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) टाकलं तर चालतं का?

उत्तर : मॅडम, ते कोटेशन ठेवा कपाटात. तुम्हाला झाकणाच्या दोन बादल्या, जाळीचे छोटे कप, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शाळेमागं एक वाफा एवढंच पाहिजे. वाफ्यात चवळी टोका, बादलीच्या झाकणात बसवलेल्या कपांत पालक लावा. मोटर नको, लाईट नको. सुरुवातीला पाणी कपाच्या बुडाला टेकेल एवढंच, मग पालक पिईल तसं ते खाली जाऊ द्यायचं, कारण वरच्या मोकळ्या जागेतल्या मुळ्या हवा घेतात. मुलं मायेपोटी रोज काठोकाठ भरतात आणि झाड पाण्यात उभं राहून सुकतं, हे एकदा मुद्दाम होऊ द्याच. बादली मात्र काळी घ्या, मी पहिल्यांदा पारदर्शक बरणी घेतली होती आणि १० दिवसांत आत नुसतं हिरवं शेवाळ, पालक बाजूलाच राहिला.

आता तुमचं तीन एकोणीस. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरियाचं अमोनिया, नायट्रेट करून द्यायचं काम मातीतले जिवाणू करतात, बादलीत ती मंडळी फारशी नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नाही. म्हणून हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे बिनमातीच्या शेतीचं, ए आणि बी असं दोन बाटल्यांचं खत घ्या. दोन्ही घट्ट द्रावणं थोडी थोडी एका ग्लासात एकत्र ओता, दुधासारखा साका तयार होतो, कॅल्शियमची फॉस्फेट-सल्फेटशी गाठ पडते ना. बाटल्या वेगळ्या का असतात हे परत सांगायला लागत नाही. बादलीत घालताना आधी ए पाण्यात नीट ढवळून घ्या, मग बी.

चवळी साधारण ३५-४० दिवसांची झाली की अलगद उपटा, मुळांवरच्या गाठी नखाने फोडा, आत गुलाबी-लाल दिसलं की त्या हवेतलं नत्र धरतायत. पालकाच्या मुळ्या शेजारी ठेवा, पांढऱ्याशुभ्र, गाठ एकही नाही. पालकाला मातीतही गाठी येत नाहीत, त्यामुळे एखादा चोखंदळ पोरगा ‘मग हा फरक मातीचा कशावरून?’ म्हणून अडवणारच, त्याच्यासाठी एक चवळी बादलीतही लावून ठेवा.

आणखी एक, तुमच्याकडे दुष्काळात मक्याचा हायड्रोपोनिक चारा करतात तो वर्गात कराच. १ किलो मका भिजवून ट्रेमध्ये पसरला, नुसतं पाणी मारलं की ८-९ दिवसांत ५-६ किलो हिरवागार चारा होतो, पोरं म्हणतात बघा सर पाचपट! मग तोच चारा उन्हात कडकडीत वाळवून तोलायला लावा, किलोच्याही आत भरतो. वाढलं ते पाणी, आणि दाण्यातला थोडा साठा कोंबाने श्वासात जाळला. इथेच हेल्मोंट या जुन्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा, १६४८ साली छापलेली. त्याने कुंडीत २०० पौंड माती घालून विलोचं रोप ५ वर्षं वाढवलं, झाड १६४ पौंडांनी वाढलं आणि माती घटली जेमतेम २ औंस. त्याला वाटलं झाड पाण्याचंच बनलं, हवेतला कार्बन त्याच्या हिशेबातच नव्हता. मुलांना उत्तर लगेच सांगू नका, भांडू द्या तासभर.

प्रश्न : मी नववीत आहे, ठाण्याला राहतो. गॅलरीत बाटलीत लावलेल्या पालकाची पानं पिवळी पडतायत, खत वाढवू का?

उत्तर : थांब, आधी कुठली पानं ते बघ. जुनी, खालची पिवळी असतील तर नत्र कमी. कोवळी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, आणि बऱ्याचदा लोह पाण्यात असतं पण पीएच (पाणी किती आंबट की खारं याचं माप) चढल्यामुळे मुळांना घेता येत नाही. पीएचची पट्टी बुडव, साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये पाहिजे. आणि बाटलीला काळा कागद गुंडाळलायस ना?